धनायन-न्यून पेरोव्स्काईट आणि अल्कलाइन द्रावणातली ऑक्सिजननिर्मिती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजेने पाणी फोडून हायड्रोजन मिळवताना दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन सुटतो. अल्कलीच्या द्रावणात तो सहज सुटावा म्हणून धनायन (धनभारित धातू-आयन) मुद्दाम कमी ठेवलेले पेरोव्स्काईट उत्प्रेरक म्हणून वापरतात. त्याविषयी रसायनशास्त्र किंवा मटेरियल सायन्समध्ये एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्यांकडून येणारे हे प्रश्न आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात. वजन करण्याचा आणि अशुद्ध फेजचा (नमुन्यात वेगळ्या पडलेल्या दुसऱ्या पदार्थाचा) प्रश्न लांबला आहे, कारण बहुतेक कामं तिथेच फसतात.

हवा आहे हायड्रोजन, मग ऑक्सिजनच्या बाजूची एवढी चर्चा कशाला?

कारण अडतं तिथेच. हायड्रोजनचा एक रेणू बनायला दोन इलेक्ट्रॉन पुरतात. अ‍ॅनोडवर (ऑक्सिजन सुटतो त्या इलेक्ट्रोडवर) मात्र चार हायड्रॉक्साइड आयनांकडून चार इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, मध्येच दोन ऑक्सिजन अणूंचा बंध जुळवायचा आणि ऑक्सिजनचा रेणू सोडून द्यायचा, एवढं सगळं व्हावं लागतं. उष्मागतिकीच्या हिशेबाने पाणी फोडायला १.२३ व्होल्ट पुरेत. कारखान्यातले अल्कलाइन सेल साधारण १.८ ते २ व्होल्टवर चालतात, आणि जास्तीच्या व्होल्टेजचा मोठा वाटा अ‍ॅनोड खातो.

याचा विजेतला हिशेब एकदा स्वतः करून बघा. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६.६ हजार अँपिअर-तास विद्युतभार लागतो. म्हणजे सेलचं व्होल्टेज ०.१ ने खाली आलं तर किलोमागे जवळजवळ २.७ युनिट वीज वाचते. आज एका किलोला ५० ते ५५ युनिट लागतात, म्हणजे ही बचत पाच टक्क्यांच्या आसपास झाली. शंभर मिलिव्होल्टसाठी माणसं वर्षानुवर्षं का झटतात, ते यावरून कळावं.

धनायन-न्यून पेरोव्स्काईट म्हणजे नेमकं काय?

१८३९ मध्ये गुस्ताव्ह रोझ यांनी उरल पर्वतातल्या एका खनिजाला लेव पेरोव्स्की यांच्या नावावरून पेरोव्स्काईट म्हटलं. ते होतं कॅल्शियम टायटेनेट. त्याच घडणीच्या सगळ्या पदार्थांना आता हेच नाव आहे. सूत्र ए-बी-ओ-३. बी-जागेवर लोह, कोबाल्ट, निकेल, मँगेनीजसारखा लहान धातू, त्याच्याभोवती सहा ऑक्सिजनचं अष्टफलक. ही अष्टफलकं कोपऱ्याला कोपरा लावून उभी राहतात आणि त्यांच्यामधल्या मोठ्या पोकळीत लॅन्थनम, स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम बसतो. ही ए-जागा.

सूत्रात हवे तेवढे धनायन न घालता मुद्दाम थोडे कमी घातले, आणि तरीही पेरोव्स्काईटची घडण टिकली, की तो पदार्थ धनायन-न्यून झाला. उदाहरणार्थ लॅन्थनम फेराइटमध्ये लॅन्थनम १ ऐवजी ०.९५. व्यवहारात न्यूनता बहुतेक वेळा ए-जागेचीच असते.

ए-जागा रिकामी ठेवली तर स्फटिक कोसळत नाही का?

नाही, मर्यादेत राहिलात तर. सांगाडा उभा असतो तो बी आणि ऑक्सिजनच्या बंधांवर. रेनियम ट्रायऑक्साइड बघा : तीच अष्टफलकं, तोच कोपऱ्यांचा जोड, आणि ए-जागा पूर्ण रिकामी! टंगस्टन ब्राँझमध्ये (सोडियम शिरलेल्या टंगस्टन ऑक्साइडमध्ये) सोडियम कमी-जास्त करता येतो आणि त्याबरोबर रंगही बदलत जातो. बी-जागा रिकामी करणं मात्र महागात पडतं. बी गेला की सहा ऑक्सिजन एकदम उघडे पडतात.

इथे एक गमतीचा अपवाद आहे. लॅन्थनम मँगेनाइटचं सूत्र पुष्कळदा ऑक्सिजन ३.१५ असं लिहिलेलं दिसतं. पण पेरोव्स्काईटच्या घट्ट रचनेत जास्तीचा ऑक्सिजन शिरायला जागाच नसते. खरी गोष्ट अशी, की ऑक्सिजन तीनच आहे आणि लॅन्थनम व मँगेनीज दोन्ही सुमारे ०.९५ आहेत. तुम्ही न ठरवताही पदार्थ धनायन-न्यून झालेला असतो.

पाच टक्के लॅन्थनम कमी केल्याने आत काय बदलतं?

विद्युतभाराचा ताळेबंद बिघडतो आणि स्फटिकाला तो कुठून तरी भरून काढावा लागतो. ०.०५ लॅन्थनम गेला म्हणजे ०.१५ धनभार गेला. भरपाईच्या वाटा दोन.

पहिली वाट, ऑक्सिजन सोडून देणं. सगळी भरपाई अशी झाली तर ऑक्सिजन ३ वरून २.९२५ वर येतो आणि जालकात (स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीत) ऑक्सिजनच्या रिक्त जागा तयार होतात. दुसरी वाट, लोहाने जास्तीचा भार उचलणं. सगळी भरपाई अशी झाली तर लोहाची सरासरी संयुजा (एका अणूवरचा धनभार) ३ वरून ३.१५ होते, म्हणजे थोडं लोह चार-धन होतं.

प्रत्यक्षात दोन्ही थोडंथोडं घडतं. किती ते ठरतं भाजण्याचं तापमान, भट्टीतली हवा आणि थंड करण्याचा वेग यांवर. म्हणून एकाच सूत्राची दोन प्रयोगशाळांतली पावडर सारखी वागेलच असं नाही. भट्टीची नोंद वहीत तपशिलाने ठेवा. ‘८०० अंशांवर भाजलं’ एवढ्यावर भागत नाही; चढ-उताराचा वेग आणि झाकण होतं की नव्हतं, हेही लिहा.

उत्प्रेरणाला याचा फायदा कसा होतो?

तीन अंगांनी. ऑक्सिजनच्या रिक्त जागेशेजारचा धातू उघडा असतो, तिथे हायड्रॉक्साइड सहज येऊन बसतो. चार-धन लोहामुळे विद्युतवहन सुधारतं. शुद्ध लॅन्थनम फेराइट जवळपास विद्युतरोधकच आहे, त्यामुळे हा फायदा लहान समजू नका. आणि तिसरं, पृष्ठभाग स्वच्छ राहतो. लॅन्थनम किंवा स्ट्रॉन्शियम जराही जास्त झाला तर तो बाहेर येऊन हायड्रॉक्साइड नाहीतर कार्बोनेट बनतो आणि सक्रिय धातूवर वीज न वाहणारा थर चढतो. ए-धातू किंचित कमी ठेवला की ही कटकट टळते.

घन-ऑक्साइड इंधनघटांवर काम करणाऱ्यांना ही युक्ती फार आधीपासून ठाऊक होती. लॅन्थनम-स्ट्रॉन्शियम मँगेनाइटच्या कॅथोडमध्ये ए-जागा थोडी न्यून ठेवली, तर शेजारच्या झिर्कोनियाशी (घटातल्या विद्युत-अपघट्याशी) संयोग होऊन रोधक लॅन्थनम झिर्कोनेट तयार होण्याला आळा बसतो. पाण्याच्या विघटनात हीच कल्पना नंतर आली.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण कोणतं?

२०१६ मध्ये चीनच्या नानजिंग टेक विद्यापीठातल्या झोंगपिंग शाओ यांच्या गटाने प्रसिद्ध केलेलं लॅन्थनम फेराइटवरचं काम. लॅन्थनम २, ५ आणि १० टक्के कमी करून त्यांनी तुलना केली. पाच टक्क्यांचा नमुना ऑक्सिजन निर्मिती आणि ऑक्सिजन क्षपण (त्याच्या उलटी क्रिया) दोन्हींत सरस ठरला. त्यांनी श्रेय दिलं ते ऑक्सिजनच्या रिक्त जागांना आणि थोड्याशा चार-धन लोहाला. मला हे उदाहरण आवडतं ते यासाठी, की त्यात दुसरा धातू मिसळलेला नाही. एकच बटण फिरवलं आहे.

मग जास्त न्यूनता म्हणजे जास्त क्रियाशीलता?

नाही. ठरावीक मर्यादेपुढे जालक जास्तीचा बी-धातू बाहेर टाकतं : फेराइटमधून लोहाचा ऑक्साइड, कोबाल्टाइटमधून कोबाल्टचा, निकेलेटमधून निकेलचा. ही मर्यादा प्रत्येक रचनेची वेगळी असते. तेव्हा कुणाच्या तरी पेपरात ५ टक्के चांगले ठरले, म्हणून तुमच्या पदार्थातही ५ टक्केच घेऊ नका.

सूत्राप्रमाणे ०.९५ लॅन्थनम मोजून घातला. मग पदार्थात ०.९५ आलाच ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि उत्तर आहे : तेवढ्यावरून सांगता येत नाही.

लॅन्थनम ऑक्साइडची बाटली घ्या. ही पांढरी पावडर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेते. ती पूर्णपणे हायड्रॉक्साइड झाली तर वजन साडेसोळा टक्क्यांनी वाढतं, दिसायला मात्र तशीच पांढरी राहते. बाटलीवर ‘९९.९ टक्के शुद्ध’ लिहिलेलं असतं ते ती सीलबंद असतानाचं. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात उघडलेली आणि झाकण सैल राहिलेली बाटली घेऊन तुम्ही ‘पूर्ण’ लॅन्थनम फेराइट करायला बसलात, तर तराजूवर लॅन्थनमबरोबर पाणीही मोजलं जातं. पावडर एक तृतीयांशाच्या आसपास हायड्रॉक्साइड झाली असेल, तर तुमचा पूर्ण नमुनाच पाच टक्के न्यून निघतो, आणि ज्याला तुम्ही पाच टक्के न्यून म्हणता तो दहा टक्के न्यून. आलेख मात्र ‘० आणि ५’ अशा लेबलांनी छापला जातो.

नायट्रेट वापरलं म्हणून सुटका नाही. लॅन्थनम नायट्रेटच्या हेक्साहायड्रेटचं रेणुभार ४३३. त्यात पाण्याचा एक रेणू इकडचा तिकडे झाला तरी चार टक्क्यांहून जास्त चूक होते. तुम्ही अभ्यासायला घेतलेला परिणामच पाच टक्क्यांचा आहे!

उपाय जुने आणि स्वस्त आहेत. ऑक्साइड वापरत असाल तर ९०० ते १००० अंशांवर काही तास भाजा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा आणि लगेच वजन करा. नायट्रेट वापरत असाल तर आधी त्याचं द्रावण करा, झायलेनॉल ऑरेंज दर्शक घेऊन, पीएच ५ ते ६ ठेवून ईडीटीएशी (धातू-आयन धरून ठेवणाऱ्या संयुगाशी) टायट्रेट करा आणि मग द्रावण आकारमानाने मोजून वापरा. लोहाच्या आणि कोबाल्टच्या नायट्रेटलाही हाच न्याय. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी शिकलेलं टायट्रेशन इथे लाखो रुपयांच्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) दुसरं शिखर नाही. मग नमुना शुद्ध धरायचा?

इतक्यात नको. समजा न्यूनता जालकात शिरलीच नाही आणि सगळा जास्तीचा बी-धातू ऑक्साइड म्हणून वेगळा पडला. पाच टक्के न्यून लॅन्थनम कोबाल्टाइटमध्ये तो कोबाल्ट ऑक्साइड किती भरेल? वजनाने सुमारे १.७ टक्के. फेराइटमध्येही जवळपास तेवढाच. प्रयोगशाळेतल्या साध्या एक्सआरडीची पकड एक-दोन टक्क्यांवरच सुटते, त्यातही कण बारीक असतील तर शिखर पसरट होऊन पार्श्वभूमीत हरवतं. म्हणजे न्यूनता शंभर टक्के फसली तरी आलेख ‘शुद्ध’ दिसू शकतो.

आयसीपीने (विरघळवलेल्या नमुन्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या प्लाझ्मा-यंत्राने) धातूंचं प्रमाण काढलं तरी हा पेच सुटत नाही. नमुना आम्लात विरघळवला की जालकातला कोबाल्ट आणि बाजूला पडलेला कोबाल्ट एकच होतात, उत्तर ०.९५ च येतं. आणि कोबाल्ट ऑक्साइड स्वतःच ऑक्सिजननिर्मितीचा चांगला उत्प्रेरक आहे. मग वाढलेली क्रियाशीलता रिक्त जागांची की त्या दीड-पावणेदोन टक्क्यांची?

म्हणून दोन-तीन पुरावे एकत्र लागतात. रिटव्हेल्ड पद्धतीने (एक्सआरडीच्या पूर्ण आलेखाशी रचना जुळवून) एकक कोशिकेची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानशा ठोकळ्याची, मापं काढा. न्यूनता खरोखर आत गेली असेल तर ती सुसंगतपणे सरकतात. रामन वर्णपट घ्या, कोबाल्ट ऑक्साइडचं ६९० सेमी⁻¹ च्या आसपासचं शिखर अगदी थोड्या प्रमाणातही डोकावतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्यांचे नकाशे काढा. ऑक्सिजनचं प्रमाण आयोडोमेट्रीने (आयोडीनच्या टायट्रेशनने) ठरवा, तीन वेळा करून. आणि एक साधा नियंत्रण-प्रयोग : पूर्ण सूत्राच्या पेरोव्स्काईटमध्ये मुद्दाम १.७ टक्के कोबाल्ट ऑक्साइड मिसळून तीच चाचणी घ्या. एका दुपारचं काम आहे. ते केलेलं दिसलं की मी बाकीचा पेपर विश्वासाने वाचतो.

एक्सपीएसबद्दल (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं आणि त्यांची संयुजा बघण्याच्या तंत्राबद्दल) जाता जाता : निकेलचं मुख्य शिखर लॅन्थनमच्या शिखरावर आणि कोबाल्टचं बेरियमच्या शिखरावर चढतं. अशा नमुन्यांत संयुजेच्या टक्केवाऱ्या दशांशापर्यंत देऊ नयेत.

ई-जी इलेक्ट्रॉनांचा नियम इथे लागू होतो का?

अंशतः. २०११ मध्ये एमआयटीतल्या सुंतिविच, शाओ-हॉर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बी-धातूच्या ई-जी कक्षिकेत (ऑक्सिजनकडे रोख असलेल्या डी-कक्षिकांत) १.२ च्या आसपास इलेक्ट्रॉन असले की क्रियाशीलता शिखरावर असते. त्यावरून निवडलेला बेरियम-स्ट्रॉन्शियम-कोबाल्ट-लोह पेरोव्स्काईट अल्कलाइन द्रावणात इरिडियम ऑक्साइडपेक्षा किमान दहापट सक्रिय निघाला. त्या कामाने क्षेत्राला दिशा दिली, यात शंका नाही.

आता आपल्या नमुन्यावर आकडा लावून बघा. तीन-धन लोहात ई-जी इलेक्ट्रॉन २, चार-धन लोहात १. पाच टक्के न्यूनतेची सगळी भरपाई लोहाने केली तरी सरासरी १.८५ च होते. शिखर अजून दूर आहे. तेव्हा फरक पडला असेल तर त्याचं कारण वहन, रिक्त जागा आणि पृष्ठभाग यांत शोधा. एका आकड्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

ऑक्सिजन द्रावणातूनच येतो की स्फटिकातूनही?

काही पेरोव्स्काईटमध्ये स्फटिकातूनही येतो. २०१७ मध्ये ग्रिमो आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-१८ हा समस्थानिक वापरून स्ट्रॉन्शियम कोबाल्टाइटसारख्या पदार्थांत हे दाखवलं. लॅन्थनम कोबाल्टाइटमध्ये तसं आढळलं नाही. अशा पदार्थांची क्रियाशीलता पीएचबरोबर बदलते. ए-जागा रिकामी केली की धातू-ऑक्सिजन बंध अधिक सहसंयुजी होतो आणि ही वाट उघडण्याची शक्यता वाढते. पण ती वाट जालक पोखरतही जाते. फायदा आणि झीज हातात हात घालून येतात, हे गृहीत धरून चाला.

चाचणीत सर्वात जास्त चुका कुठे होतात?

द्रावणाच्या रोधात आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या शुद्धतेत.

पाच मिलिमीटर व्यासाच्या फिरत्या तबकडीच्या इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २ मिलिअँपिअर. ०.१ मोलर द्रावणात रोध ४५ ओहम असेल तर तेवढ्यानेच जवळपास ९० मिलिव्होल्ट खाल्ले जातात. रोध इम्पिडन्सने (प्रत्यावर्ती प्रवाह देऊन) मोजा, दुरुस्ती किती टक्के केली ते लिहा. दुसऱ्याच्या १ मोलर द्रावणातल्या आकड्याशी आपला ०.१ मोलरचा आकडा शेजारी ठेवू नका.

बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये लोहाचा अंश असतोच. निकेल आणि कोबाल्टच्या पदार्थांवर तो बसला की क्रियाशीलता उसळते. निकेलबाबत कॉरिगन यांनी हे १९८७ मध्येच नोंदवलं होतं, आणि २०१४ मध्ये बोएचर यांच्या गटाने ते पक्कं केलं. हे लोह काढायला द्रावणात निकेल हायड्रॉक्साइडची पावडर घालून ढवळा, लोह तिच्यावर चिकटतं, वरचं स्वच्छ द्रावण घ्या. सेल प्लास्टिकचा किंवा टेफ्लॉनचा ठेवा, कारण तीव्र अल्कली काच खाते आणि काचेतली अशुद्धी द्रावणात उतरते. लोहाचेच पेरोव्स्काईट तपासत असाल तर ही चिंता कमी होते, संपत नाही.

संदर्भ इलेक्ट्रोड पारा-पाऱ्याचा ऑक्साइड असावा. सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड अल्कलीत भरकटतो. क्रियाशीलता तबकडीच्या क्षेत्रफळाबरोबरच पावडरीच्या बीईटी क्षेत्रफळावरही (वायू चिकटवून मोजलेल्या पृष्ठभागावरही) द्या, कारण न्यूनतेमुळे कणांची वाढ बदलते आणि नुसतं क्षेत्रफळ वाढल्याचं श्रेय रिक्त जागांना जाऊ शकतं. तबकडीवर पावडर लावायच्या शाईत कार्बन असेल तर या विभवावर तोही जळतो. दीर्घ चाचणीत प्रवाह घटला तर दोष पेरोव्स्काईटचाच, असं ठरवू नका.

हे पदार्थ टिकतात का?

आहेत तसे टिकत नाहीत, निदान पृष्ठभागावर. २०१२ मध्ये एमआयटीच्याच गटाने दाखवलं, की बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या त्या गाजलेल्या पदार्थाचा पृष्ठभाग चाचणीत अस्फटिकी होतो आणि ए-धातू द्रावणात निघून जातात. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधल्या फाब्री आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं : काम करताना वर तयार होणारा कोबाल्ट-लोहाचा ऑक्सिहायड्रॉक्साइडचा थरच उत्तम क्रियाशीलतेचं मूळ आहे.

मग ए-धातू आपोआप निघूनच जाणार असेल, तर आधीपासून कमी ठेवून काय मिळवलं?

प्रश्न रास्त आहे. चाचणीत होणारी न्यूनता वरच्या काही नॅनोमीटरमध्ये घडते, भट्टीत केलेली न्यूनता संपूर्ण कणात असते. दुसरीमुळे आतलं वहन सुधारतं, पहिलीमुळे नाही. शिवाय आधीच न्यून असलेल्या नमुन्यात विरघळून जाणारा धातू कमी असतो. तरी चाचणीनंतरचा पृष्ठभाग न बघता सुरुवातीच्या सूत्राला सगळं श्रेय देणारे निष्कर्ष मला पटत नाहीत. चाचणीनंतरचं द्रावण आयसीपीला द्या, इलेक्ट्रोडवरची पावडर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

न्यूनतेचा आणखी काही उपयोग?

आहे, आणि तो मला सर्वात आशादायक वाटतो. ए-न्यून पेरोव्स्काईट हायड्रोजनमध्ये तापवलं, की जालक बी-धातू बाहेर ढकलून आपलं प्रमाण सावरतं आणि पृष्ठभागावर धातूचे नॅनोकण उगवतात. २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या नेआगू, अर्विन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. वरून लावलेल्या कणांपेक्षा हे कण पायाशी रुतलेले असतात, त्यामुळे सहज सरकून एकत्र होत नाहीत. अल्कलीत ऑक्सिजन सुटताना त्यांच्यावर ऑक्सिहायड्रॉक्साइड चढतो, पण पकड चांगली असते.

कारखान्यात हे कधी येणार?

तिथली परिस्थिती वेगळीच आहे : २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ७० ते ९० अंश तापमान, आणि हजारो तासांची अखंड चाकरी. निकेलची जाळी तिथे वर्षानुवर्षं उभी आहे, स्वस्तही आहे. पेरोव्स्काईटला तिला हरवायचं आहे. इरिडियमशी तुलना अल्कलाइन सेलमध्ये तशी गैरलागूच. भारताने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, तरतूद १९,७४४ कोटी रुपये, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. महाराष्ट्राचंही स्वतंत्र धोरण त्याच वर्षी आलं. खोलीच्या तापमानाला दहा तास घेतलेल्या चाचणीवरून या लक्ष्याविषयी काही बोलू नये. निदान एक नमुना तरी ३० टक्के अल्कलीत, ८० अंशांवर, निकेलच्या जाळीवर चढवून बघावा.

बनवलेली पावडर किती दिवस ठेवता येते?

बेरियम-स्ट्रॉन्शियम असलेली असेल तर लवकर वापरा, ती हवेतला कार्बन डायऑक्साइड धरते. ए-न्यून लॅन्थनम फेराइट बरंच सोशिक आहे. तरी बाटलीवर भाजल्याची तारीख लिहा, डेसिकेटरमध्ये ठेवा, आणि पावसाळा ओलांडलेली पावडर पुन्हा चाचणीला घेण्याआधी तिचा इन्फ्रारेड वर्णपट काढा. कार्बोनेटचा पट्टा १४०० ते १५०० सेमी⁻¹ च्या दरम्यान उठलेला दिसला, तर ती पावडर बाजूला ठेवून नवीन बनवा.